सहा विसांच्या पुढची पडीक

ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे ते गृहस्थ भरलेल्या एसटीत कधी चढले नाहीत. राजगडाखालच्या पाली या आपल्या गावच्या थांब्यावर उभे राहायचे. गाडी आली की पायरीवर एक पाय ठेवून आत नजर टाकायचे, माणसं मोजायचे, आणि एक तरी बाक रिकामं दिसलं नाही तर पाय मागे घेऊन कंडक्टरला हात जोडायचे. कंडक्टर म्हणायचा, मास्तर, उभं राहायला जागा आहे की. ते म्हणायचे, ती जागा गाडीची आहे, माझी नाही. गाडी निघून जायची, पुढची तासाभरानं यायची, आणि शाळेतली प्रार्थना, हजेरी आणि पहिला तास त्यांच्याविना पार पडायचा.

मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, म्हणजे त्यांचा उशीर लिहून ठेवणं हे माझं काम होतं. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती माध्यमिक शाळा. हे गृहस्थ तिथे कार्यानुभवाचे शिक्षक, आणि शाळेत संगणक आला तेव्हा संगणकाचेही, कारण बाकी कुणी माउसला हात लावायला तयार नव्हतं. मुलांनी त्यांना जीबी सर हे नाव पाडलं होतं. त्यांच्या खऱ्या नावात जी नव्हता आणि बी पण नव्हता. पण ते कुठल्याही गोष्टीकडे बघून 'ह्याच्यात किती बसंल' असा विचार करायचे, तेव्हा नाव चपखल होतं.

मस्टरवर मी त्यांचे जितके उशीर लिहिले ते सगळे खरे होते. त्यांच्या गोपनीय अहवालात मात्र मी एक शेरा लिहिला, तो खोटा होता. मी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. खोडायचा तर आताच खोडायला हवा. पण नुसता शेरा खोडला तर माणूस कळणार नाही, म्हणून आधी माणूस सांगतो.

त्यांचा आवडता शब्द होता 'पडीक'. शिपाई चहा ओतायला लागला की ते कपावर हात आडवा धरायचे : "दोन बोटं पडीक ठिव." फळ्यावर लिहिताना उजवीकडचा हातभर भाग ते कोरा सोडायचे. त्यांच्या डब्याला तीन पुडं होती, त्यातलं एक कायम रिकामं. घरून रिकामं यायचं, रिकामंच परत जायचं. बायको काही बोलत नाही का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, पहिली दोन वर्षं बोलली.

त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांची शेवटची चार पानं कोरी असायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलीला विचारलं, ही पानं का सोडलीस? ती उभी राहून म्हणाली, "पडीक हायेत, साहेब." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. तेवढ्यात जीबी सर मागून म्हणाले की अडीअडचणीला लागतात. साहेबांनी आपल्या अहवालात ती चार पानं काय म्हणून दाखवली ते मला अजून माहीत नाही.

मला हा शब्द टोचायचा. मी भोंगवलीच्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडे 'पडीक' ही जवळजवळ शिवी होती. कुणाचं वावर पडीक दिसलं की वडील रस्त्यावरूनच त्या घराण्याचा पंचनामा करायचे. आणि हा माणूस, तोही शेतकऱ्याचाच, राजगडाच्या पायथ्याला भात लावणारा, रोज दहा वेळा तो शब्द आवडीनं चघळत होता.

शाळेच्या संगणकात अठ्ठ्याण्णव सालची विंडोज होती. सर तिला म्हातारी म्हणायचे. तिच्यासाठी त्यांनी घरून गोधडी शिवून आणली होती, संगणकाच्या खोलीत चपला काढल्याशिवाय कुणाला प्रवेश नव्हता, आणि पडदा उजळायला वेळ लागला की ते मुलांना हळू आवाजात सांगायचे, थांबा, म्हातारी उठतीया. आजूबाजूच्या शाळांत नव्या विंडोज आल्या तरी ते बदलायला तयार नव्हते. त्याला कारण होतं. हँडीकॅमवरचं चित्र संगणकात उतरवून घ्यायचं एक कार्ड त्यांनी कुठून तरी मिळवलं होतं आणि ते फक्त म्हातारीचंच ऐकायचं.

हँडीकॅम एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला दिला होता. दुसऱ्या शाळेत त्यावर स्नेहसंमेलनाचे नाच टिपले गेले असते. जीबी सर दहावीच्या प्रत्येक मुलाला त्याच्यापुढे उभं करून एकच प्रश्न विचारायचे : तुझ्या घरी कसं यायचं?

मुलं सांगायची. पुलाखालनं जायचं, मग वड्याच्या कडंनं, मग एक काळं कुत्रं भुकतं, तिथं डावीकडं. मग एखाद्या रविवारी सर स्वतः ती वाट चालत जायचे आणि त्या घराचं दार टिपून आणायचे. दार आल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका मुलीनं सांगितलेलं कुत्रं पुढच्या महिन्यात मेलं, तर त्यांनी तिला पुन्हा उभं करून ती खूण वगळायला लावली. हे सगळं कशासाठी, असं मी विचारायचो. ते म्हणायचे, पोरं बाहेर जातील, परत यायला वाट लागंल. मी शिक्षकांच्या खोलीत त्यावर विनोद करायचो आणि सगळे हसायचे. तेही हसायचे.

मग वरच्या अंगाला धरण झालं आणि एक वस्ती पाण्यात गेली. माणसांना भोंगवलीच्या अलीकडे नवं गावठाण मिळालं. उठायच्या आधी त्या वस्तीतल्या एका बाईनं सरांना घरी बोलावलं होतं. तिची मुलगी पहिल्याच बॅचला होती, त्यामुळे तिचं दार आधीच टिपलेलं होतं. सर तिला वहिनी म्हणायचे. निघताना तिला रडू आवरेना, तेव्हा त्यांनी तिला शब्द दिला : "वैनी, तुमचं दार माझ्यापाशी हाय. कवाबी या आनि बघा." हे मला तेव्हा माहीत होतं. सगळ्या शाळेला माहीत होतं.

कॅसेटी दरवर्षी त्याच वापरायच्या, हे मीच सांगितलेलं. त्यामुळे संगणकात उतरवलेलं तेवढंच शिल्लक राहायचं. तिथली जागा संपत आली तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी अडीचशे जीबीची एक मोठी डिस्क आणून दिली. सरांनी ती पुण्याला नेऊन तिच्यात फक्त एकशे वीसचा एक कप्पा पाडून आणला. बाकीची कोरी. सगळी दारं त्यांनी त्या कप्प्यात हलवली, पहिल्या बॅचपासून ओळीनं. मी विचारलं, अर्ध्याहून जास्त जागा सोडून दिलीत?

ते खाली बसले आणि मला नीट सांगू लागले. त्यांचं ते बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं, आणि हीच माझी अडचण आहे.

"हेडसर, माझी आई विसांत मोजायची. एक विसा, दोन विसा. सहा विसा झाल्या की तिची गडबड व्हायची, मंग ती परत पयल्या बोटावर यायची. ही म्हातारीबी तशीच. एकशे अठ्ठावीसच्या पुढं हिला मोजता येत न्हाई. म्हनून सहा विसा पेरायच्या, वरचे आठ बांधाला, आनि पुढची पडीक."

मी म्हटलं, मग पुढे गेली तर थांबेल की.

"थांबली असती तर बरं झालं असतं. ती थांबत न्हाई. पुढं लिव म्हनलं की व्हय म्हनती, आनि पयल्या पानावर जाऊन लिवती. जे लिवल्यालं हाय त्याच्यावरच."

मला ते त्यांच्या इतर गोष्टींसारखंच वाटलं. कपातली दोन बोटं, डब्यातलं पूड, आणि आता हे. त्यांनी डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवली : 'पुढची पडीक आहे. म्हातारीला पेलत नाही. नांगर घालण्याआधी मला विचारणे.' ती वाचून मी हसलो.

त्या वर्षी शाळेचा रौप्यमहोत्सव होता. तीन तासांचा समारंभ, त्यात अडीच तास भाषणं, आणि त्यात पाऊण तास माझं. फोटोग्राफरनं सगळं टिपलं. निवृत्तीला सहा महिने राहिले होते आणि ते चित्रण शाळेच्या संगणकात कायमचं असावं अशी मला फार इच्छा होती. दिवाळीची सुट्टी लागलेली. सर पालीला भातकापणीत. एकशे वीसचा कप्पा काठोकाठ भरलेला. आणि डिस्कच्या छापील कागदावर अडीचशे लिहिलेलं मला दिसत होतं.

पालीला जायला गाडी होती. निरोप धाडता आला असता. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून मी विचारलं नाही. डिस्क काढून घेतली आणि नसरापूरच्या एका संगणक दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं चिठ्ठी वाचली आणि मला विचारलं, सर, हे मुद्दाम ठेवलंय का? मी म्हटलं, नाही, आमच्या एका शिक्षकाची लहर आहे. त्यानं दहा मिनिटांत नवा कप्पा पाडून दिला. परत आणून जोडली, तर म्हातारीनंही तो कप्पा मुकाट्यानं दाखवला. एकशे दहा-बाराची मोकळी जमीन. खरं सांगतो, त्या क्षणी मला वडिलांची आठवण झाली आणि बरं वाटलं. आम्ही एक पडीक उठवली होती.

फोटोग्राफरनं दिवसभर बसून सगळा समारंभ त्यात उतरवला. कुठे अडलं नाही. संगणक बंद करून मी वर गोधडीही घातली.

सुट्टीनंतर सरांनी म्हातारीला उठवलं तेव्हा दोन्ही कप्पे गायब होते. ते डिस्क घेऊन पुण्याला दोन खेपा घालून आले. तिथल्या माणसानं खटपट करून नंतरच्या बॅचेस बाहेर काढल्या. पहिल्या चार बॅचेस गेल्या. त्यांच्या जागी काय होतं ते सरांनी मला बोलावून दाखवलं. एक मुलगा फाटकापाशी उभा आहे. तो म्हणतो, मंग वड्याच्या कडंनं यायचं. चित्र थरथरतं, आणि त्याच्या जागी मी उभा असतो : उपस्थित मान्यवर, माझ्या शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो.

पाऊण मिनिट आम्ही दोघांनी माझं भाषण ऐकलं.

ती वस्ती पहिल्या चार बॅचेसमध्येच होती. नव्या गावठाणात बातमी पोचली आणि माणसं शाळेवर आली. ती बाईही आली. म्हणाली, मला माझं दार बघायचंय. सर म्हणाले, वैनी, न्हाई राह्यलं. ती त्यांना जे बोलली ते मी कार्यालयात बसून ऐकत होतो. त्यानंतर ती त्यांच्याशी कधी बोलली नाही. नसरापूरच्या बाजारात ते समोर आले की ती तोंड फिरवायची आणि सोबतच्या बायकांनाही फिरवायला लावायची.

संस्थेनं बैठक बोलावली. त्याआधी मी एक काम केलं. कपाटातून डिस्क काढली, तिच्यावरची चिठ्ठी सोलली, घरी नेली आणि पाण्याच्या बंबाखालच्या जाळात टाकली. बैठकीत मी सांगितलं की जुन्या संगणकाचा हट्ट या सरांचा, आणि पुढे भरू नये अशी कुठलीही सूचना मला नव्हती. अध्यक्षांनी सरांना विचारलं, तुम्ही सांगितलं होतं का?

"लिवलं व्हतं," ते म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी टेबलावरची डिस्क उचलली. वर वाळलेल्या गोंदाचा एक चौकोन होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, एखाद्या मुलानं गणितात हातचा घ्यायचा विसरावा आणि मास्तरानं बघावं, तसं. डिस्क खाली ठेवली आणि म्हणाले, "मंग न्हाई."

मी शेरा लिहिला : 'संगणकाच्या देखभालीत हलगर्जी. कालबाह्य यंत्रणेचा दुराग्रह. परिणामी शाळेचा अमूल्य ठेवा नष्ट.' नियमाप्रमाणे त्याची प्रत त्यांना दिली. त्यांनी खाली सही केली आणि सहीच्या वर एक शब्द लिहिला, 'वाचले.' सहा महिन्यांनी मी निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभाला माझ्यावर बोलायला त्यांनाच उभं केलं होतं. ते दोन मिनिटं बोलले. म्हणाले, सर आवाजानं खणखणीत, मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन दिवस त्या वाक्याकडे उलटून पालटून बघत होतो.

त्या शेऱ्यापायी त्यांची पर्यवेक्षकाची जागा गेली. संगणकाची खोली काढून घेतली. मी भोरला राहायला आलो आणि सतरा वर्षं पालीच्या रस्त्याला गेलो नाही. राजगडाला जायचं म्हणून नातवंडं मागे लागायची तेव्हा मी गुडघ्यांचं निमित्त सांगायचो.

गेल्या महिन्यात गेलो. ते घराच्या ओसरीत बसले होते. आता तेही निवृत्त झाले आहेत, गड चढून येणाऱ्यांना घरची मंडळी पिठलं-भाकरी करून घालतात. मला बघून उठले, हेडसर म्हणाले, पाणी आणवलं. तांब्या अर्थातच काठापर्यंत भरलेला नव्हता. मी पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. डिस्क मी नेली. चिठ्ठी मी वाचली होती. ती मी काढली आणि जाळली.

ते म्हणाले, "गोंद बघितला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या रिटायरला सहा म्हैनं व्हतं. मला चौदा वर्सं व्हती. म्हनलं, चौदा वर्सांत पुसून जाईल." तांब्या माझ्याकडे सरकवून म्हणाले, "न्हाई गेलं पुसून."

मी मान खाली घातली. त्यावर त्यांना माझी दया आली असावी, कारण ते त्यांच्या वर्गातल्या आवाजात समजावू लागले की चूक तशी त्यांचीही होती. शब्द चुकला होता. "शेतकऱ्याच्या पोराला पडीक लिवून दावलं तर तो नांगर घालनारच की. म्या देवराई लिवायला पायजे व्हतं. कुनी पान तोडलं नसतं."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. किती वर्षं हा माणूस माझ्यासाठी सबब शोधत बसला असेल. मी म्हटलं, सर, चिठ्ठीवर एकच शब्द नव्हता. मला विचारा, असंही होतं. ते मी वाचलं होतं. ते ओसरीच्या कडेला बोटानं काहीतरी रेघोट्या ओढत राहिले. मी संस्थेला पत्र लिहितो म्हटलं, शाळेच्या अंकात छापतो म्हटलं. ते म्हणाले, लिहा. पण त्यांचं लक्ष नव्हतं.

मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मला म्हाईत व्हतं. वैनीला सांगा."

हे लिहिण्याआधी मी तिथे जाऊन आलो. नव्या गावठाणातलं घर शोधायला मला तीन ठिकाणी विचारावं लागलं. ती आता बरीच म्हातारी झाली आहे, अंगणात शेंगा फोडत होती. मला ओळखलं. मी उभ्यानंच सांगितलं. एकशे अठ्ठावीस, विसा, कप्पा यातलं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तुमचं दार सरांनी घालवलं नाही. त्यांनी जपून ठेवलं होतं, विचारल्याशिवाय हात लावू नका असं लिहूनही ठेवलं होतं. त्याच्यावर मी माझं भाषण घातलं, आणि नंतर खोटं बोललो.

तिचे हात थांबले. मग तिनं विचारलं, "त्येनं लिवून ठिवलं व्हतं म्हनता?"

"हो."

"आनि तुमी वाचलं व्हतं."

"हो."

"बाजारात म्या त्याच्या तोंडावर थुकले व्हते एकदा," ती म्हणाली. "त्यो काय म्हनला म्हाईत हाय? चुकलं म्हनला."

हे मला माहीत नव्हतं. सरांनीही सांगितलं नव्हतं.

तिनं मला चहा विचारला नाही, बसा म्हटलं नाही. मी ते बरोबरच समजलो आणि निघालो. फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून तिचा आवाज आला. माझ्याकडे न बघताच, सुपातला टरफलांचा ढीग बाजूला सारत तिनं विचारलं की नसरापुरातनं पालीला गाडी किती वाजता असते.

मी वेळ सांगितली. तिनं ती दोनदा घोकली, आणि सून घरात होती तिला हाक मारून तिसऱ्यांदा सांगितली.